लाल काडतुसांत एक पिवळं

सुभेदार, ते पिवळं काडतूस तुझ्या खिशात मी घातलं.

हे वाक्य आधी लिहून मोकळा होतो. मागं ठेवलं तर पुन्हा गिळीन. दीड महिना गिळतोयच. तुझ्या दहाव्याला लोक मला बाजूला घेऊन विचारत होते, शेट, तुम्ही तर शेजारीच उभे होता, नेमकं झालं काय? मी म्हणायचो, नळी फुटली. खोटं नव्हतं ते. पण एखाद्याला कड्यावरनं ढकलायचं आणि पडून मेला म्हणून सांगायचं, त्यातलाच प्रकार.

तुझी पलटण, तुझी पदकं, कुठल्या सरहद्दीवर तू किती थंडी सोसलीस, हे सगळं पेपरात येऊन गेलं. फोटोही चांगला छापला होता, मिशीला पीळ भरलेला. मी त्यातलं काही लिहिणार नाही. अकरा वर्षं आपण काडतुसांवरनं भांडलो, मी त्यावरच लिहिणार. लिहायला बसलो की माझी भाषा शाळामास्तरासारखी होते. तेवढं सांभाळून घे.

पहिल्या दिवशी तू माझं नावसुद्धा विचारलं नाहीस. तीस वर्षं दक्षिणेत सोनं गाळून मी विट्याला परत आलो होतो. जवळ दुकानाच्या राखणीसाठी घेतलेली बाराची, म्हणजे बारा बोअरची, दुनळी होती, लायसनची. कुणीतरी सांगितलं, साताऱ्याच्या अलीकडं माळावर खडीची एक बंद पडलेली खाण आहे, तिथं रिटायर्ड फौजी तबकड्या फोडतात. आलो. तू माझ्या हातातलं काडतूस उचललंस, त्यावरचा नंबर वाचलास आणि सगळ्यांसमोर म्हणालास, ‘‘ह्ये डुकराचं हाय. तबकडी काय तुमच्या अंगावर येनार हाय व्हय?’’ सगळे खो खो हसले. मला असा संताप आला की बंदूक गुंडाळून सरळ विट्याची वाट धरावी.

मग तूच मला खाणीच्या कडेला बसवून घेतलंस. तबकडी म्हणजे डांबर आणि चुनखडीची बशी. मशीन ती फेकतं आणि ती हवेत असतानाच फोडायची, सगळा खेळ एवढाच. काडतुसावरचा नंबर वाढत जाईल तसा आतला छर्रा बारीक होत जातो. जाड छर्रे मावतात थोडे, आणि लांब गेले की त्यांच्यात एवढी फट पडते की तबकडी मधनं निघून जाते, तिच्या केसालाही धक्का लागत नाही. फार बारीक घ्यावेत तर ते असतात पुष्कळ, पण लांबवर त्यांच्यात जीव राहत नाही. सातापेक्षा जाड नको, नवापेक्षा बारीक नको, बाकी ज्याचं त्याच्या खांद्याला ठाऊक, म्हणालास. शाळेत मला कुणी असं शिकवलं असतं तर मी सोनं गाळायला गेलोच नसतो.

पुढं आपलं जमलं ते भांडायलाच जमलं. तुला साताचं भारी काडतूस लागायचं, बत्तीस ग्रॅम छर्ऱ्यांचं. मला आठाचं, चोवीस ग्रॅमचं. तू म्हणायचास, मार बसला पाहिजे, तबकडीचा चुरा झाला पाहिजे, नुसता टवका उडाला तर ती फुटली कशी म्हणायची? मी म्हणायचो, गड्या, टवक्यालाही एकच गुण आणि चुऱ्यालाही एकच. तुझा खांदा संध्याकाळपर्यंत वांग्यासारखा काळानिळा व्हायचा. वहिनी शेकायला बसायच्या आणि शिव्या घालायच्या, तुला नव्हे, मला. मी डिवचतो म्हणून तू हट्टाला पेटतोस, असं त्यांचं म्हणणं. बरोबरच होतं. मी नसतो तर तू कधीच हलकं काडतूस वापरायला लागला असतास.

एकदा मी माझा सोन्याचा काटा खाणीवर आणला. तुझ्याच एका डब्यातली पाच काडतुसं कापून छर्रे तोलले. लिहिलं होतं बत्तीस ग्रॅम. एकात तीस निघाले, एकात चौतीसच्या जवळ. मला वाटलं, आता जिरली याची. तू काट्याकडं बराच वेळ बघत राहिलास आणि म्हणालास, ‘‘शेट, छर्रं तोलून तबकडी फुटत न्हाई. बगून फुटती.’’ पुढच्या आठवड्यात दुकानात काडतुसं आणायला निघालो तेव्हा मात्र तू हळूच विचारलंस, काटा घेतलास का म्हणून. त्यावरनं मी तुला महिनाभर छळलं.

काडतूस निवडायचं तर त्याचा फैलाव बघावा लागतो, आणि त्यासाठी मोठा कागद लागतो. आपल्याकडं कागदापेक्षा वाढदिवसाचे फ्लेक्स लवकर मिळतात. तू म्हणालास, मागची पांढरी बाजू लाव. मी मुद्दाम पुढची लावली. कुठल्याशा गल्लीतल्या भाऊंच्या हसऱ्या तोंडावर तू साताचे दोन बार घातलेस, मी आठाचे दोन, आणि आपण दोघं चष्मे लावून त्यांच्या गालावरची भोकं मोजत बसलो. एवढ्यात तीन मोटारसायकली आल्या. पोरांच्या हातात हॉकी स्टिक होत्या. तू काय केलंस? आधी शांतपणे दोन्ही बंदुका उघडल्यास, काडतुसं काढलीस, बंदुका गाडीत कुलपात टाकल्यास, चावी खिशात घातलीस. ती पोरंही बघत उभी राहिली. मग तू परत आलास आणि पहिल्याचं नाक कपाळानं फोडलंस. मला अजून तो आवाज ऐकू येतो, कोरड्या फांदीचा. दुसऱ्याचा हात असा पिळलास की तो खांद्यातनं निखळला, आणि पोरगं आईला हाका मारत मातीत लोळलं. तिसऱ्यानं तोवर माझ्या खांद्यावर हॉकी घातली होती. चौसष्टावं वरीस चालू होतं तुला. नंतर त्या नाक फुटलेल्याला तूच पुढच्या सीटवर बसवून डॉक्टरकडं नेलंस आणि वाटेत त्यालाच दम भरलास, बंदूक असलेल्या जागी मारामारीला येऊ नये, अक्कल नाही का. मी मागं खांदा धरून कण्हत होतो, माझ्याकडं तू वळूनही बघितलं नाहीस.

त्या हॉकीनं माझा खांदा कायमचा गेला. दोन वर्षं ओढला, मग ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, बाराची बंदूक आता विसरा. म्हणून मी वीस बोअरची घेतली, हलकी, बारीक नळीची. तू तिला बायकी म्हणालास, पण ते तेवढ्यापुरतं. तुझं खरं भय वेगळंच होतं. वीसचं काडतूस बारापेक्षा बारीक, आणि घोटाळा होऊ नये म्हणून ते पिवळ्या रंगाचंच करतात. चुकून ते बाराच्या नळीत गेलं तर तोंडाशी थांबत नाही, आत घसरतं आणि पुढं जाऊन अडकून बसतं. चाप ओढला की नुसतं खट्ट. बंदूक उघडावी तर आत काही दिसत नाही. माणसाला वाटतं, भरायलाच विसरलो. तो वरनं बाराचं घालतो आणि बार करतो. नळी फुटते ती हाताशी, तोंडाशी. तुझ्या चुलत्यानं पाटणच्या रानात असंच केलं होतं. तू नऊ-दहा वर्षांचा होतास आणि त्याच्या जबड्याची हाडं तू धोतराच्या फडक्यात गोळा केली होतीस. हे तू मला एकदाच सांगितलंस, सांगताना हात पुसत होतास.

म्हणून तुझा नियम: वीस आणि बारा एका पिशवीत नाही, एका गाडीत नाही, एका खाटेवर नाही. मी हो हो म्हणायचो. पण मला जुनी दुनळी सुटत नव्हती, चार बार तिचे, चार बार हिचे, असं माझं चालायचं. एका रविवारी चहाचा स्टोव्ह पेटवायला तू काडेपेटीसाठी माझ्या जाकिटात हात घातलास आणि बाराच्या लाल काडतुसांबरोबर एक पिवळं बाहेर आलं. तू ते तळहातावर धरलंस, मला दाखवलंस आणि दुसऱ्या हातानं अशी थोबाडीत दिलीस की मी खडीवर गुडघ्यांवर पडलो. दहाजण बघत होते. कानात शिट्टी वाजत होती. मी उठलो आणि बुक्की मारली. तुझा पुढचा दात तुटला. तू तो थुंकलास, रक्ताची चूळ मातीत टाकलीस आणि म्हणालास, ‘‘निघ.’’

पाच महिने आपण बोललो नाही. तू बरोबर होतास, सुभेदार. रात्रंदिवस मला ते कळत होतं आणि तरी माझं तोंड तुझ्या दाराकडं वळत नव्हतं. सोन्यातली खोट मी नुसत्या धुरावरनं ओळखायचो. स्वतःची खोट ओळखून बोलून दाखवायची म्हटली की माझी जीभ टाळ्याला चिकटते.

दसऱ्याच्या आधी वहिनींचा फोन आला. आवं भाऊजी, सणाला तरी या, ह्ये घरात कुनाशी धड बोलत न्हाईत. मला तेवढंच निमित्त पुरे होतं. खंडेनवमीला आलो. तू दारात होतास, म्हणालास, ये. आत चौरंगावर ताट मांडलं होतं. कोयता, खुरपं, तुझ्या आजोबांची तलवार, तुझी बंदूक आणि तुझी लाल काडतुसं. मी पिशवीतनं मूठभर पिवळी काढली, मोजली नाहीत, आणि त्याच ताटात ठेवली. तू म्हणालास, ‘‘ती येगळी ठेव, शेट.’’ मी म्हणालो, ‘‘देवाम्होरं तरी बारा-वीस करू नगंस.’’

खरं सांगू का? भक्ती नव्हती ती. पाच महिन्यांपूर्वीची थोबाडीत मी तुला परत करत होतो. वहिनींनी तुझ्याकडं बघितलं. तू ओठ दाबलेस आणि ताट तसंच राहू दिलंस. अकरा वर्षांत तू मला पहिल्यांदाच नियम मोडू दिलास, कारण तुला दोस्ती मोडू द्यायची नव्हती. वहिनींनी आनंदानं मूठ भरभरून हळदकुंकू वाहिलं, वरनं फुलानं पाणी शिंपडलं. सगळी काडतुसं एका रंगाची झाली.

आता आपला तो रिवाज. तो कुठल्या पोथीत नाही, आपणच काढलेला. पूजेचं काडतूस पुसायचं नाही, हळदकुंकवासकट पहिला बार त्याचाच करायचा. आणि दसऱ्याला लोक आपट्याचं पान देतात तशी आपण एकमेकांच्या खिशात पाच-पाच काडतुसं घालायची. घेणाऱ्यानं बघायचं नाही, मोजायचं नाही, कारण दसऱ्याचं सोनं कुणी पारखून घेत नाही. पारखायचं नाही, हे कलम मीच घुसडलं होतं. तीस वर्षं लोकांनी माझं सोनं पारखून घेतलं होतं, मला त्याचा वीट आला होता. तुला ते आवडलं होतं.

दसऱ्याच्या सकाळी खाणीवर गाडीच्या बॉनेटवर ताट ठेवून मी वाटणी करत होतो. दक्षिणेतलं दुकान ज्या माणसावर सोपवून आलो होतो त्याचा फोन आला, सणाची गर्दी, भट्टी बंद पडलीय, काय करू. कानाला फोन, एका हातानं मी काडतुसं वेचत होतो. पिवळी माझ्या पिशवीत, लाल तुझ्या वाटणीला. हात हळदीनं माखलेला. फोनवर मी त्या माणसाला शिव्या देत होतो आणि हाताला काय लागतंय ते बघत नव्हतो. तुझ्याजवळ आलो, जाकिटाच्या उजव्या खिशात पाच सोडली आणि म्हणालो, सोनं घे, सुभेदार. तू मला सोनं दिलंस. मग ज्या गालावर मारलं होतंस त्या गालावर हात ठेवलास, आणि क्षणभर तसाच ठेवलास. तू माफी मागत होतास. मी मागायला हवी होती. मी म्हणालो, चल, लोक खोळंबलेत.

पहिल्या दोन तबकड्यांचा तू चुरा केलास. तिसऱ्याला माझ्याशी बोलत बोलत भरलंस, हलक्या काडतुसानं यंदा तुझे किती गुण झाले ते विचारत, नजर माझ्याकडं. बंदूक मिटलीस. मशीनवाल्याला म्हणालास, हाण. तबकडी निघाली. खट्ट. बार नाही. बंदूक उघडलीस, आत काही नव्हतं.

इथं तू थांबला असतास. खट्ट झालं की तू कायम थांबायचास, नळीतनं आभाळ बघायचास, नवीन आलेल्यांना तेच तर शिकवायचास. पण मी ओरडलो, ‘‘म्हातारं झालं रं सुभेदार. काडतूस भरायचं इसरलं.’’ सगळी खाण हसली. तुझे कान लाल झाले. तू खिशातनं दुसरं काढलंस, कोंबलंस, बंदूक मिटलीस आणि माझ्याकडं न बघता ओरडलास, हाण.

तो बार नव्हता. खाणीत सुरुंग उडायचे तेव्हा असा आवाज यायचा. तू मागं फेकला गेलास. डाव्या हाताची बोटं होती तिथं नुसता लगदा होता, आणि मनगटापासनं रक्त उसळत होतं. नळीचा एक पत्रा गळ्यात, कानाच्या खाली, रुतला होता. कुणीतरी किंचाळत पळालं. मी टॉवेल गळ्याला दाबला, टॉवेल भिजला, मग शर्ट दाबला. गुडघ्याशी तुझी बंदूक पडली होती, केळीची साल सोलल्यासारखी नळी उलटी वळलेली, आणि तिच्या आत पिवळ्या प्लॅस्टिकचा जळका तुकडा चिकटलेला. मी बघितला. तिथंच मला सगळं कळलं. जीपमध्ये तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. साताऱ्याला पोचायच्या आत तू गेलास.

पोलिसांनी पंचनामा केला. पिवळं कुठनं आलं, म्हणून विचारलं. आपल्यातलाच एकजण म्हणाला, पूजेच्या ताटात एकत्र होती साहेब, सुभेदारांनीच नजरचुकीनं उचललं असणार, वय झालं होतं. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. बोललो नाही, नुसती मान हलवली. कागदावर आलं, स्वतःच्या हयगयीनं. खिशात घालायचं सोनं कोण देतो, कोण घेतो, हा रिवाज तिथल्या दहाजणांना ठाऊक होता. पण त्या गर्दीत कुणी माझा हात बघितला नव्हता, आणि माझ्या तोंडावर विचारायची कुणाची छाती झाली नाही. भाऊ भाऊ होते दोघं, म्हणत राहिले.

मग तुझ्या मागं बोलणं सुरू झालं. डोळे गेले होते म्हणे. घेत होता म्हणे सकाळी. तू, ज्यानं बंदुकीच्या दिवशी कधी तपकीरसुद्धा ओढली नाही. खाणीवरच्या मैदानाला तुझं नाव द्यायचं ठरलं होतं, पाटी रंगवून आली होती. मीटिंगमध्ये एकजण म्हणाला, ज्याला बारा-वीसचा फरक कळला नाही त्याचं नाव देऊन नव्या पोरांना काय शिकवायचं? पाटी भिंतीला उलटी लावून ठेवली. मी तिथं होतो, सुभेदार. चहा पीत होतो. तुला ओरबाडत होते आणि मी कपबशी खाली ठेवली नाही.

तरीही मी गप्प बसलो असतो. मला माझी लायकी ठाऊक आहे. पण मागच्या आठवड्यात तुझा पोरगा, संग्राम, पुन्हा रजेवर आला. हवालदार झालाय, तुझ्यासारखाच ताठ चालतो. मी घरी गेलो तर तो तुझी पदकं पेटीत भरत होता. भिंतीवर ठेवणार नाही म्हणाला. म्हणाला, ‘‘काका, जन्मभर आमाला शिस्त शिकवली. बुटाची नाडी चुकली तर पट्ट्यानं मारलं. आन् सोता काय केलं? पलटनीत पोरं इचारत्यात, बाप कसा गेला. काय सांगू?’’ वहिनी दारात गहू निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

मी सांगितलं. उभ्या उभ्या सांगितलं. ताट, फोन, खिसा, माझं ओरडणं, पोलिसांपुढची मान. अर्धं सांगून होईतो त्यानं माझी कॉलर धरली होती. भिंतीवर डोकं आपटलं, एकदा, दोनदा, मग बुक्क्या. मी हात वर केला नाही. जो खांदा हॉकीनं गेला होता त्यावर त्याचा गुडघा बसला आणि मी गुरासारखा ओरडलो. वहिनी उठून आल्या. मला वाटलं, सोडवायला आल्या. त्यांनी त्याला मागं ओढलं आणि सूप उचलून स्वतः मला मारायला लागल्या. सूप मोडलं, गहू घरभर झाले, मग हातानं मारलं. बांगड्या नव्हत्या हातात. थकल्या तेव्हा माझ्यासमोर जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, ‘‘माज्या मानसाला दीड म्हैना लोकांनी आंधळं केलं. तुमी ऐकत हुता.’’

मी हो म्हणालो. मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, शेवटाला गाडीत ते काही बोलले का. मी म्हणालो, नाही वहिनी, शुद्ध नव्हती.

काल संग्रामला घेऊन ठाण्यात गेलो. साहेब म्हणाले, शेट, प्रकरण मिटलंय, कशाला ओढवून घेताय, निष्काळजीपणाचा गुन्हा अंगावर येईल. मी म्हणालो, येऊ दे, लिहा. त्यांनी लिहून घेतलं. वीसची आणि बाराची, दोन्ही बंदुका जमा केल्या, लायसन टेबलावर ठेवलं. तिथनं खाणीवर गेलो. रविवार होता, सगळे होते. संग्रामनं पाटी सुलटी केली आणि म्हणाला, माजा बाप काडतूस चुकला न्हवता. मग माझ्याकडं बोट केलं. मी सगळ्यांसमोर पुन्हा सांगितलं. एकजण माझ्या पायाशी थुंकला, त्याचं मला बरंच वाटलं.

म्हणजे तुझं नाव नीट झालं. पण मी वहिनींना खोटं सांगितलं. हे लिहून झाल्यावर त्यांच्यापुढं ठेवणार आहे, त्या पुन्हा मारतील तर मारू देत. गाडीत तू शुद्धीवर होतास.

उड्डाणपुलाच्या अलीकडं तू डोळे उघडलेस. गळ्यातनं बुडबुड आवाज येत होता. मी कान तोंडाशी नेला. मला वाटलं बायकोचं नाव घेशील, पोराचं घेशील, मला शिवी घालशील. तू विचारलंस, ‘‘कुठलं हुतं रं?’’

मरता मरता तुला तेवढंच हवं होतं. कुठलं काडतूस होतं. तुझ्या हातनं काय चुकलं. आणि मी, माझा शर्ट तुझ्या गळ्याला दाबून, तो पिवळा तुकडा डोळ्यांपुढं असताना, म्हणालो, ‘‘तुजंच हुतं. बाराचं. नळी जुनी झाली हुती.’’ तुझ्या तोंडावर काय आलं ते मी बघितलंय. लाज आली, सुभेदार. रोज पुसलेली, रोज डोळा लावून तपासलेली तुझी बंदूक, आणि तिची नळी कच्ची झाली ते तुला कळलं नाही, याची लाज. तू मान वळवलीस आणि त्याच लाजेत गेलास.

वीसचं होतं. माझं होतं. तुझी नळी चांगली होती.